पहिले फिगर स्केट्स: माप कसं घ्यायचं, बूट कसा पारखायचा

कोकणात फिगर स्केटिंग शिकणारी बहुतेक मुलं चाकांवर शिकतात. शाळेचं बास्केटबॉल कोर्ट, नगरपरिषदेचा हॉल, एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमधली गुळगुळीत लादी, जिथे जागा मिळेल तिथे. त्यातली थोडी पुढे बर्फावर जातात. त्यासाठी गुरुग्राम किंवा डेहराडूनचं बंदिस्त रिंक, नाहीतर थंडीच्या दिवसांत शिमल्याचं उघड्यावरचं रिंक गाठावं लागतं. खाली चार चाकं असोत की पोलादी ब्लेड, वरचा बूट एकाच जातीचा असतो: घोट्याच्या वर जाणारा, टाचेला उंची असलेला, नाडीसाठी खाली भोकं आणि वर हुक असलेला. त्यामुळे माप घेण्याची आणि बूट पारखण्याची रीत दोन्हींना एकच.

चाकांवरचं फिगर स्केटिंग म्हणजे दुय्यम खेळ, त्याला कसलाही बूट चालतो, असा समज मात्र आधी काढून टाकावा. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामा यांनी चाकांवरच्या फिगर स्केटिंगमध्ये पुरुष एकेरीचं आणि अवनी पंचाल यांच्यासोबत जोडीचं कांस्यपदक भारताला मिळवून दिलं. उडी, गिरकी, एका पायावरचं वळण हे सगळं चाकांवरही होतं आणि त्याचा सगळा भार घोट्यावर येतो.

अडचण अशी की रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ या पट्ट्यात हे बूट पायात घालून बघता येतील असं दुकान सहसा मिळत नाही. बूट कुरिअरने मागवावा लागतो, आणि मागवताना दोन सवयी आड येतात. पहिली, शाळेच्या बुटाचा नंबर सांगून मोकळं होणं. दुसरी, ‘वाढतं अंग आहे, एक नंबर मोठाच घ्या’. चपलेच्या बाबतीत ही दुसरी सवय व्यवहाराची आहे. फिगर स्केटच्या बाबतीत तिच्याइतकं नुकसान दुसरं काहीच करत नाही.

मोठ्या बुटात नेमकं काय होतं

फिगर स्केटिंगमधलं प्रत्येक वळण हे पाय किंचित आत किंवा बाहेर कलवून घेतलं जातं. तो कल टाचेतून आणि घोट्यातून बुटात, बुटातून ब्लेडमध्ये किंवा चाकात जातो. टाच बुटाच्या आत सुटी असेल तर पाय आधी आतल्या आत कलतो आणि बूट मागून येतो. मूल तोल सावरायला पायाची बोटं आखडून तळ धरून ठेवतं, दहा मिनिटांत तळव्याला पेटके येतात, आणि ‘पाय दुखतात’ म्हणून ते कठड्याला जाऊन उभं राहतं. मग घरचे किंवा सर नाडी आणखी आवळतात. पायाच्या वरच्या बाजूचा रक्तपुरवठा दबतो, बोटं बधिर होतात, तरी टाच सुटीच राहते, कारण रिकामी जागा लांबीत आहे आणि नाडी लांबी कमी करू शकत नाही.

घोटे आत पडायला लागले की ‘हिचे घोटेच कमजोर आहेत’ असं ठरवून टाकलं जातं. नवशिक्या मुलांचे असे आत पडलेले घोटे पाहिले की प्रथम बूट काढून लांबी मोजावी. बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो.

माप

लागणाऱ्या वस्तू घरच्याच: दोन कोरे कागद, टोक केलेली पेन्सिल, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि शिंप्याचा टेप. माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा पसरतो, आणि आपल्या दमट उकाड्यात तो सुजतोही. सकाळच्या मापाने घेतलेला बूट संध्याकाळच्या क्लासला चावतो.

स्केटिंगला जे मोजे घालणार तेच घाला. ते पातळ हवेत, नायलॉनचे किंवा स्केटिंगच्या टाइट्ससारखे, आणि एकच जोड. जाड सुती मोजा घाम पिऊन ओला होतो, चुरगळतो आणि त्याच्या घडीखाली फोड येतो. मोठा बूट भरून काढायला दोन मोजे घालणं तर अजिबात नको.

कागद सपाट लादीवर ठेवा. टाच भिंतीला टेकवून माप घ्यायचं, पण बऱ्याच घरांत भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई असते. टाच त्या गोलाईवर चढते आणि माप चार-पाच मिलिमीटरने चुकतं. अशा ठिकाणी जेवणाचा पाट आडवा उभा करून भिंतीला टेकवा, त्याच्या सपाट बाजूला कागदाची कड लावा आणि पाटाला टाच टेकवा. मुलाला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभं करा. बसून घेतलेलं माप चालत नाही, कारण भार पडला की पायाची कमान थोडी खाली बसते आणि पाय लांब होतो. मूल स्वतः वाकून बघत असेल तर भार पुढे जातो, म्हणून नजर समोर.

आता एक जाड पुस्तक उभं धरून सगळ्यांत लांब बोटाला अलगद टेकवा आणि पुस्तकाच्या कडेने रेघ मारा. सगळ्यांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट पुढे असतं. टाचेच्या कडेपासून रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची लांबी. त्यानंतर पेन्सिल कागदाला काटकोनात धरून पूर्ण पायाची रूपरेषा काढा. पेन्सिल आत कलली तर चवडा अरुंद दिसतो, बाहेर कलली तर रुंद.

टेपने दोन घेर घ्या: चवड्याचा, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळांवरून जाणारा, आणि पायाच्या वरच्या उंचवट्याचा, म्हणजे कमानीच्या मधून फिरवून वर आणलेला. दोन्ही पायांचं सगळं मोजा. दोन पाय तंतोतंत सारखे क्वचितच असतात. प्रत्येक माप तीनदा घ्या आणि तिन्ही आकडे दोन मिलिमीटरच्या आत येत नसतील तर पुन्हा घ्या. कागदावर तारीख, डावा-उजवा आणि मापं लिहा.

आकड्यावरून नंबर

आपल्याकडच्या शाळेच्या बुटावरचा नंबर बहुधा ब्रिटिश मापाचा असतो. त्या मापात दोन लगतच्या नंबरांत साधारण ८.५ मिमीचा फरक असतो, अर्ध्या नंबराचा ४ मिमीच्या आसपास. युरोपीय नंबरांत हा फरक ६.६७ मिमी. कॅनडाच्या जॅक्सनसारख्या कंपन्या उत्तर अमेरिकी नंबर वापरतात, आणि बायकांचा अमेरिकी नंबर ब्रिटिशपेक्षा साधारण दोन ते अडीचने मोठा असतो. इटलीच्या एडिया आणि रिस्पोर्टचे बूट मिलिमीटरमध्ये येतात: २२५, २३०, २३५ असे. म्हणजे ‘४ नंबर द्या’ या वाक्याचे एकाहून जास्त अर्थ निघू शकतात. नंबर सांगूच नका, मिलिमीटर सांगा आणि त्या कंपनीचा तक्ता मागवा.

शाळेच्या बुटात बोटांपुढे सेंटीमीटरभर जागा ठेवलेलीच असते. फिगर स्केटमध्ये ती नको. त्यामुळे स्केटचा नंबर रोजच्या बुटापेक्षा एक ते दीडने लहान निघतो आणि घरच्यांना वाटतं, दुकानदाराने चूक केली. चूक नसते.

डावा पाय २२४ आणि उजवा २२७ मिमी भरला, तर मोठ्या पायावर जा: २३०. वाढत्या मुलाला हे तीन मिलिमीटर पुरेसे आहेत. वाढ थांबलेल्या माणसाने जवळच्या जवळचा आकडा घ्यावा आणि लहान पायाच्या बाजूला पातळ इनसोल (बुटाच्या आत घालायचा सुटा तळ) घालून जागा भरावी. मुलांसाठी जास्तीत जास्त सूट ६-७ मिमी. सेंटीमीटरच्या पुढे गेलं की वर सांगितलेलं सगळं दुखणं सुरू होतं.

रुंदीचा विचार आपल्याकडे जास्त करावा लागतो. अनवाणी आणि चपलेत वाढलेल्या पायाचा चवडा मोकळा पसरलेला असतो, टाच मात्र निमुळती. परदेशी बूट घातला की करंगळीच्या मुळाशी दाबतो, आणि लगेच एक नंबर मोठा मागवला जातो. त्याने चवडा सुटतो पण टाच हलायला लागते. याला खरा उपाय म्हणजे तीच लांबी, जास्त रुंदी. चांगल्या कंपन्या एकाच लांबीत निरनिराळ्या रुंदीचे बूट देतात आणि रुंदी अक्षरांनी दाखवतात. सी पेक्षा डी रुंद, डी पेक्षा ई. चवड्याचा घेर आणि कागदावरची रूपरेषा पाठवली की विक्रेत्याला रुंदी ठरवता येते. जो विक्रेता ही मापं विचारतच नाही, त्याच्याकडून पहिला बूट घेऊ नये.

किती कडक बूट

फिगर स्केटच्या बुटाचा कडकपणा हा लांबीइतकाच महत्त्वाचा. फार मऊ असेल तर घोट्याला आधार नाही. फार कडक असेल तर घोटा वाकतच नाही. गुडघा पुढे जात नाही, वजन टाचेवर राहतं, मूल मागच्या मागे आपटतं. एखाद्या मोठ्या मुलीचा उड्यांसाठीचा भारी बूट स्वस्तात मिळतो म्हणून आठ वर्षांच्या मुलीला घालणं हे त्यामुळेच चुकीचं.

सरळ चालणं, एका पायावर घसरत जाणं, अर्धवर्तुळं, उलटं स्केटिंग, छोट्या अर्ध्या उड्या: इथपर्यंत शिकणाऱ्या मुलाला कंपनीचा नवशिक्यांसाठीचा बूट पुरतो. जॅक्सनचा आर्टिस्ट, एडियाचे मोटिव्हो आणि ओव्हर्चर हे या पायरीचे बूट. मोठ्या माणसाने शिकायला सुरुवात केली असेल तर वजनामुळे एक पायरी वरचा लागतो. ७० किलोच्या माणसाखाली मुलांच्या पायरीचा बूट काही महिन्यांत घोट्याशी मोडतो.

हातात घेऊन पाहायची खूण: घोट्याच्या वरचा भाग दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटांत धरून दाबा. सहज चिमटीत येऊन दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या तर तो खेळण्यातला बूट आहे, पांढरा रंग आणि हुक कितीही खरे दिसोत. थोडा दबून परत आला तर नवशिक्यांचा. जोर लावूनही हलला नाही तर तुमच्यासाठी नाही.

रोजच्या बुटावर पट्ट्यांनी बांधायचे लोखंडी, लांबी कमी-जास्त होणारे स्केट्स आपल्याकडे घरोघरी आहेत. पहिल्या एक-दोन महिन्यांत तोल शिकायला ते चालतात. पण त्यांत घोट्याला आधार नसतो आणि टाच पट्टीत सरकते, म्हणून एका पायावरचं काम सुरू झालं की ते सोडावेत.

बूट आला. आता घालून पाहणं

पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या, खोका फाडू नका. फरशीवर चादर किंवा सतरंजी पसरा आणि बूट तिच्यावरच घाला, म्हणजे चाकांना किंवा ब्लेडला ओरखडा येणार नाही आणि परत पाठवायची वेळ आली तर वाद होणार नाही.

नाडी वरवर सैल करून पाय कोंबू नका. हुकांतून पूर्ण काढा, खालच्या भोकांपर्यंत मोकळी करा, जीभ पुढे ओढा आणि मग पाय आत घाला. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं समोर हलकेच टेकू द्या. आता टाचेमागे किती जागा राहते ते पाहा. मुलांच्या बुटात तिथे पेन्सिल सरकावी, मोठ्यांच्या बुटात तीही जेमतेम. आरपार बोट जात असेल तर बूट मोठा आहे, पुढच्या तपासण्या करायचीही गरज नाही.

मग टाच मागे सारून दोनदा जमिनीवर ठोका, जेणेकरून ती बुटाच्या खोबणीत बसेल. ब्लेड असेल तर गार्ड (धारेवर चढवायचं प्लास्टिकचं आवरण) लावून ठोका. नाडी पूर्ण बांधा (रीत खाली दिली आहे) आणि उभं राहा.

सरळ उभं असताना बोटं पुढच्या भिंतीला जेमतेम स्पर्श करतात, पण वळत नाहीत. गुडघे वाकवले की बोटं किंचित मागे येतात आणि स्पर्श सुटतो. हे बरोबर माप. गुडघे वाकवूनही बोटं दाबलेलीच राहिली तर बूट लहान, आणि सरळ उभं असतानाही बोटांना समोर काहीच लागत नसेल तर मोठा. लहान मुलं ‘बरं वाटतंय’ एवढंच सांगतात, कारण नवा बूट त्यांना परत पाठवायचा नसतो. म्हणून विचारताना ‘बरं आहे का’ असं न विचारता ‘अंगठा कशाला लागतोय? वाकल्यावरही लागतोय का?’ असं विचारा. बुटातली इनसोल बाहेर काढून मुलाला तिच्यावर उभं करणं हा आणखी खात्रीचा मार्ग, डोळ्यांना दिसतं.

त्यानंतर टाच. तुम्ही खाली बसून बुटाची टाच जमिनीला दाबून धरा आणि मुलाला टाच उचलायला सांगा. दोन-तीन मिलिमीटर हालचाल चालेल, त्याहून जास्त नाही.

नाडीच्या दोन रांगांमधली फट पाहा. ती वरपासून खालपर्यंत साधारण सारखी आणि तीन ते पाच सेंटीमीटर असावी. दोन्ही रांगा एकमेकींना भिडल्या तर बूट पायाला घोळदार आहे, नवीन असतानाच भिडल्या तर चामडं सैल झाल्यावर आवळायला जागाच उरणार नाही. फट खाली रुंद आणि वर अरुंद दिसली तर चवड्याला रुंदी कमी पडते आहे.

आता पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. उभं राहून, गुडघे वाकवून, खुर्चीवर बसून. दोन मिनिटांत काही कळत नाही. नवा बूट सगळीकडून सारखा घट्ट लागणारच, कोणी तरी पाय मुठीत घट्ट धरावा तसा. ते ठीक. एका जागी टोचणं, जळजळ, मुंग्या येणं हे ठीक नाही. बूट काढल्यावर मोजे उतरवून पाय उजेडात पाहा. सगळीकडे पसरलेली फिकट लाली दहा-पंधरा मिनिटांत जाते. घोट्याच्या हाडावर, टाचेच्या मागच्या बाजूला किंवा करंगळीच्या मुळाशी नाण्याएवढा गडद लाल ठिपका राहिला तर त्या जागेवर पेनाने खूण करा आणि बुटावर तीच जागा शोधा.

घोट्याच्या हाडाशी दाब असेल तर ती जागा आतून ताणून खोलगट करता येते. स्केटच्या दुकानांत त्यासाठी वेगळं अवजार असतं. काही बूट यंत्रात गरम करून पायाच्या आकाराला बसवताही येतात. हे काम घरी हेअर ड्रायरने किंवा ओव्हनमध्ये करू नका, थरांमधला गोंद सुटतो आणि सोल उकलतो. लांबी मात्र कोणत्याही उपायाने वाढत नाही. लांबीला लहान असेल तर बूट परत.

सपाट पायांसाठी एक तपासणी मूल बूट घालण्यापूर्वीच करा. ओला पाय कोरड्या सिमेंटवर ठेवून ठसा पाहा. आतल्या बाजूची खाच दिसतच नसेल तर पाय सपाट आहे, आणि कंपनीच्या पातळ इनसोलऐवजी कमानीला आधार देणारी इनसोल लागेल. ती घातली की बुटातली उंची आणि थोडी लांबीही कमी होते, म्हणून बूट तीच घालून तपासायचा.

नाडी

बरोबर मापाचा बूटही चुकीच्या नाडीने वाया जातो. खालून वरपर्यंत एकाच जोराने आवळत जाणं ही सर्रास दिसणारी चूक.

जीभ मधोमध आणा. ती बाजूला सरकली तर नडगीच्या पुढच्या शिरेवर नाडी रुतते आणि तिथे महिनोन्महिने न जाणारं दुखणं बसतं. बोटांजवळची पहिली तीन भोकं नुसती बसती ठेवा, बोटं हलली पाहिजेत. तिथून घोट्याच्या वळणापर्यंत सगळ्यांत घट्ट, प्रत्येक जोडी स्वतंत्र ओढून. शेवटच्या भोकानंतर, हुक सुरू होण्याआधी, नाडीला एकाऐवजी दोन पीळ द्या. त्या पिळामुळे खालचा ताण वर सुटत नाही आणि टाच जागेवर राहते. पहिला हुक घट्ट. नाडी हुकाच्या वरून घेऊन खाली अडकवली तर ती जास्त धरते. वरचे दोन हुक सैल, इतके की पोटरी आणि बुटाच्या मध्ये मागून एक बोट जाईल. वर आवळलं तर गुडघा वाकत नाही.

उरलेली नाडी घोट्याभोवती गुंडाळायची नाही, टाचेमागची शीर दबते. गाठ मारून टोकं आत खोचा. दहा मिनिटं स्केटिंग झालं की पुन्हा एकदा सोडून बांधा, कारण ऊब आणि घामाने चामडं बसतं. गुळगुळीत नायलॉनची नाडी घामात सुटते, सुती-पॉलिस्टर मिश्र चांगली.

बुटाखाली काय आहे

चाकांच्या स्केटमध्ये पुढचा आस चवड्याच्या खाली आला पाहिजे. फार मागे असेल तर मूल तोंडावर पडतं. मैदान पाहून चाकं घ्या: बाहेरच्या खरखरीत सिमेंटसाठी मऊ, ७८ए ते ८५ए कडकपणाची, आतल्या गुळगुळीत लादीसाठी कडक, ९२ए च्या पुढची (आकडा मोठा तितकं चाक कडक). जांभ्याच्या अंगणात किंवा त्याची लाल माती उडते अशा कोर्टवर बेअरिंग लवकर भरतात, तिथे झाकणबंद बेअरिंग घ्या. बेअरिंगचं भोक आसाप्रमाणे ८ किंवा ७ मिमीचं असतं, बाहेरून दोन्ही २२ मिमी, म्हणून नवीन मागवण्याआधी जुन्यावरचा ६०८ किंवा ६२७ हा आकडा वाचा. चाकाचा नट इतकाच आवळा की चाक हाताने आडवं हलवल्यावर केसभर हलेल.

ब्लेडच्या बाबतीत नवशिक्याला कारखान्यातच बसवून आलेलं ब्लेड पुरतं. टाचेच्या बाजूने डोळ्यासमोर धरून पाहा, ते सरळ रेषेत बुटाच्या मधोमध असावं. तळाशी एक धार नसते, दोन धारा असतात आणि मध्ये खोबण. नवशिक्यासाठी खोबणीची त्रिज्या साधारण अर्धा इंच ठेवतात. नवीन ब्लेडला बरेचदा धार लावलेलीच नसते, तेव्हा बर्फावर जाण्यापूर्वी रिंकवर ती लावून घ्या. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे ब्लेड देऊ नका, विळीला उत्तम धार लावणारा माणूसही त्याच्या चाकावर ही खोबण घासून सपाट करेल, आणि ब्लेडच्या पुढच्या टोकावरचे दातही (टो-पिक). सपाट ब्लेड बर्फावर आडवं घसरतं.

खारी हवा, चार महिने पाऊस

बर्फावरून काढलेलं ब्लेड थंड असतं, बाहेरच्या दमट हवेत त्याला घाम सुटतो. एकदा पुसून भागत नाही. लगेच पुसा, दहा मिनिटांनी पुन्हा पुसा, स्क्रूच्या डोक्यांभोवतीही. प्लास्टिकचं कडक गार्ड चालण्यापुरतं. ते घालून पिशवीत ठेवलेलं ब्लेड दिल्लीहून रत्नागिरीला येईपर्यंत गंजलेलं असतं. प्रवासात कापडी आवरण, तेही कोरडं. घरी परत आल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या.

चाकं पाण्यातून गेली तर त्याच दिवशी काढून बेअरिंग पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब घाला. खोबरेल तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. पायालाही क्लासच्या आधी खोबरेल नको, टाच आत सरकते. रात्री झोपताना लावा.

बूट पिशवीत बंद करून ठेवला की जून ते सप्टेंबरमध्ये दोन-तीन दिवसांत आतून बुरशी धरते. रोज घरी आल्यावर नाडी मोकळी करून, जीभ बाहेर ओढून, इनसोल काढून ठेवा. आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा चुलीजवळ नको, चामडं तडकतं आणि गोंद सुटतो. सोलचे स्क्रू महिन्यातून एकदा पिळून पाहा, ओलीने त्यांची भोकं सैल होतात.

जुना बूट घेताना, आणि आपला लहान झाल्यावर

पहिला बूट वापरलेला घ्यायला हरकत नाही, फक्त घोट्याच्या वळणावरची घडी पाहा. दोन्ही बुटांना सारखी आणि उथळ घडी असेल तर ठीक. एका बाजूला बूट झुकलेला असेल, किंवा रिकामा बूट टेबलावर ठेवल्यावर वरचा भाग आपोआप आत पडत असेल, तर आधीच्या मालकाचा घोटा ज्या बाजूला पडत होता त्याच बाजूला तुमच्या मुलाचाही पडेल. ब्लेडवर गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर सोडा. वरवरचा तांबूस थर निघून जातो.

वाढत्या मुलाचा पाय दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कागदावर घ्या. शाळा सुरू होताना आणि दिवाळीच्या सुट्टीत तर नक्कीच. बूट लहान झाल्याची पहिली खूण दुखणं ही नसते. मूल गुडघे वाकवूनही बोटं टेकलेली असल्याचं सांगतं, अंगठ्याचं नख काळं पडतं, किंवा क्लास संपताच सगळ्यांच्या आधी बूट काढायला बसतं. त्या आठवड्यातच नवीन माप घ्या. जुना बूट पुढे देताना किंवा विकताना नंबर लिहून थांबू नका. इनसोलची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून, पट्टीसकट तिचा फोटो काढून पाठवा, आणि घेणाऱ्याकडूनही त्याच्या मुलाच्या पायाचा कागद मागून घ्या.